कवडशापासून सुरुवात: घरातल्या खोलीचाच कॅमेरा कसा करायचा

ज्यांचं आजोळ कौलारू घराचं होतं त्यांना हे आठवत असेल, दुपारी जेवणं उरकली की माजघरात गार जमिनीवर आडवं व्हायचं आणि कौलांच्या फटीतून खाली पडलेले कवडसे बघत बसायचं. फट तिकोनी असो, चिरलेली असो, कशीही वेडीवाकडी असो, कवडसा मात्र गोल. हे असं का, हा प्रश्न मला पस्तिशी उलटेपर्यंत पडलाच नव्हता, आणि उत्तर कळलं तेव्हा जरा वेड लागल्यासारखंच झालं, कारण तो गोल म्हणजे खुद्द सूर्याचं चित्र असतं, सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. छोट्या भोकातून येणारा उजेड समोरच्या गोष्टीचं चित्र घेऊन येतो, बास, एवढंच. हिशोब पण सोपाय, भोकापासून जमीन जितकी लांब त्याच्या साधारण एकशे दहाव्या भागाएवढा कवडसा, म्हणजे कौल ३ मीटरवर असेल तर पावणेतीन सेंटीमीटर. २०१९ च्या डिसेंबरात ग्रहण होतं तेव्हा झाडाखाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडलेल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना वेगळं सांगायला नको, पानांच्या फटींनी एकदम शेकडो फोटो काढले होते.

हंपीला गेलात तर विरूपाक्षाच्या देवळात गाईड एका अंधाऱ्या खोलीत नेतो आणि भिंतीवर गोपुराची उलटी सावली दाखवतो. सगळे त्याला सावली म्हणतात. सावली उलटी कशी पडेल हो, ते चित्र आहे, भिंतीतल्या झरोक्यातून आत आलेलं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की आज जगभरात जे कलाकार फोटोग्राफीशी खेळतायत त्यांचं काम बघायला लागलो तेव्हा मला वाटलेलं की यांच्याकडे काहीतरी भारी मशिनरी असणार. उलट निघालं. बहुतेकांनी कॅमेरा गुपचूप आपलं आपण जे काम उरकून टाकतो त्यातलं एखादंच काम त्याच्याकडून काढून घेतलंय आणि स्वतःच्या हातात ठेवलंय. कोणी वेळ हातात घेतला, कोणी उभं राहायची जागा, कोणी भिंग, कोणी फोटोत काय असावं हे ठरवायचा हक्क. यातलं बरंचसं आपल्याला घरात करता येतं. मी डोंबिवलीच्या वन-बीएचकेमध्ये केलंय, तुमच्याकडे यापेक्षा जागा जास्तच असेल.

खोली काळी करायची

मूळ उस्ताद म्हणजे आबेलार्दो मोरेल. १९४८ ला हवानात जन्म, लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेला आला, पुढे तिथं कॉलेजात फोटोग्राफी शिकवायचा. पोरांना कॅमेरा कसा चालतो ते समजावं म्हणून एका खोक्याला भिंग लावून समोर जळता बल्ब ठेवायचा आणि खोक्यात बल्बचं उलटं चित्र पाडून दाखवायचा. १९९१ मध्ये त्यानं खोकं सोडून घरातली खोलीच घेतली, खिडक्या काळ्या प्लॅस्टिकनं बंद, मध्ये एक सेंटीमीटरच्या आतबाहेरचं भोक, आणि समोरच्या भिंतीवर रस्त्यापलीकडची घरं उलटी उतरली. मग त्या खोलीतच मोठा फिल्म कॅमेरा लावून त्या भिंतीचा फोटो काढला. त्या फोटोंना पाच ते दहा तास लागायचे. म्हणजे सकाळी शटर उघडून माणूस कामाला जाऊन परत येईल एवढा वेळ.

तर आता आपण. आधी खोली निवडा, एकच खिडकी असलेली उत्तम, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा की दोन दिवस ही खोली अडणार आहे. हे न सांगता मी सुरू केलं होतं, आमच्या आईचं दुपारचं झोपणं त्याच खोलीत, पुढचं विचारू नका.

खिडकी झाकायला लोक काळा चार्ट पेपर आणतात. नका आणू, उजेड आरपार येतो आणि उन्हानं वाकतो. सगळ्यात बेस्ट मला सापडलं ते मल्चिंग पेपर, शेतात टोमॅटो-मिरचीच्या बेडवर अंथरतात ते, एका बाजूनं काळं एका बाजूनं चंदेरी. कृषी सेवा केंद्रात मिळतं, गावाकडून येणाऱ्या कोणाला सांगितलं तर उरलेला तुकडाच फुकट येतो. दुहेरी घ्या, चंदेरी बाजू बाहेर ठेवा म्हणजे ऊन परत फेकलं जातं आणि खोलीची भट्टी होत नाही. लावायला मास्किंग टेप, ती खाकी पॅकिंग टेप नको, काढताना भिंतीचा रंग घेऊन येते आणि मग भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटचं बघा काय होतं ते.

भोक थेट प्लॅस्टिकमध्ये पाडायचं नाही. प्लॅस्टिकमध्ये हाताच्या तळव्याएवढी खिडकी कापायची, तिच्यावर कोल्ड्रिंकच्या कॅनचा सपाट केलेला पत्रा किंवा पातळ कार्ड लावायचं आणि त्याला १ सेंटीमीटरचं गोल भोक. जाड पुठ्ठा असेल तर भोक म्हणजे बोगदा होतो आणि चित्राच्या कडा काळ्या पडतात. खूप शार्प चित्र हवं म्हणून काहीजण भोक एकदम बारीक करतात. ३ मीटर खोल खोलीला कागदावरचं बरोबर माप खरंच अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं, पण मग चित्र इतकं अंधुक पडतं की काही दिसतच नाही, आणि त्याहून बारीक केलं तर उजेड कडेला पसरून चित्र पुन्हा मऊ होतं. म्हणून १ सेंटीमीटर. थोडं मऊ दिसतं, चालतं.

आता खोलीतले बाकीचे चोर शोधा. दाराखालची फट, तिथं टॉवेल कोंबायचा. एसीच्या पाइपाचं भोक. राउटरचा हिरवा दिवा, टीव्हीचा लाल दिवा, मोबाईल चार्जरचा निळा ठिपका, सगळ्यांवर टेप. हे क्षुल्लक वाटतं पण भिंतीवरच्या चित्राचा उजेड इतका कमी असतो की एक राउटर अख्खं आभाळ हिरवं करून टाकतो. झालं की दिवा बंद करून खाली बसा आणि दहा मिनिटं काहीही करू नका. मोबाईल बघायचा नाही. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, पहिल्या मिनिटाला लोक म्हणतात काय नाय दिसत राव आणि उठून जातात.

आणि वेळ, यात सगळ्यांचं चुकतं, माझंही चुकलं. आमची खिडकी पूर्वेला, म्हणून मी उत्साहात सकाळी साडेसातला सगळं बांधून बसलो. भिंतीवर काय आलं तर एक झगझगीत कवडसा आणि बाकी सगळा काळोख. कारण सोपंय, सकाळी सूर्य समोर असतो आणि समोरच्या बिल्डिंगची आपल्याकडची बाजू सावलीत असते. चित्र चांगलं पडायला समोरची वस्तू उन्हात पाहिजे आणि सूर्य आपल्या पाठीशी. म्हणजे पूर्वेच्या खिडकीला दुपारी दोन ते चार, पश्चिमेच्या खिडकीला सकाळी आठ ते अकरा. दक्षिणेकडची असेल तर भर दुपार टाळा आणि भोकावर थेट ऊन येत नसेल ती वेळ धरा. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका, ढगाळ दिवशी उजेड कितीतरी पटीनं कमी असतो.

त्या दिवशी दुपारी अडीचला परत बसलो. आधी भिंतीवर नुसता निळसर पट्टा, तो खाली, कारण आभाळ खाली येतं. मग हळूहळू समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या, ग्रिल, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची दांडीवरची लाल साडी, सगळं उलटं, साडी वरच्या दिशेनं लोंबतेय आणि वाऱ्यानं हलतेय पण. हे हलणं कुठल्याच फोटोत दाखवता येत नाही. आई चहाला बोलवायला आली ती दारातच थांबली, म्हणाली, "अगोबाई, ही तर जोश्यांची गॅलरी!" आणि झोपेचा राग विसरून अर्धा तास तिथंच बसली, कोण कुठं उभंय ते सांगत. त्यानंतर चहा ती रोज त्याच खोलीत प्यायची.

भिंतीचा फोटो

नुसतं बघून समाधान झालं तर इथंच थांबायला हरकत नाही. फोटो काढायचा असेल तर ट्रायपॉड हवाच, नसेल तर स्टूल आणि तांदळाची पिशवी. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) १६००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं ते) एफ ४, आणि शटर १५ सेकंदांपासून सुरुवात करून ३० सेकंदांपर्यंत उघडं ठेवून बघा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचं सेटिंग, ऑटो नको, डेलाइट ठेवा. फोकस अंधारात लागत नाही, म्हणून आधी भिंतीवर टॉर्च मारून फोकस करायचा, मग ऑटोफोकस बंद. मोबाईल असेल तर नाइट मोड, तारे काढायचा मोड असेल तर अजून चांगलं, पण मोबाईल हातात धरायचा नाही, दोन सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हायचं. ब्राइटनेस कमी म्हणून घाबरू नका, ३० सेकंदांचा फोटो डोळ्याला दिसतं त्यापेक्षा कितीतरी उजळ येतो.

फक्त रिकामी भिंत घेतलीत तर तो समोरच्या बिल्डिंगचा खराब फोटो होईल. मोरेलची खरी करामत इथं आहे, तो फ्रेममध्ये पलंग ठेवतो, खुर्ची ठेवतो, खेळणी ठेवतो, आणि बाहेरचं शहर त्या पलंगावरून वाहत जातं. म्हणून पलंगावर पांढरी चादर घाला, उश्या तशाच चुरगळलेल्या असू द्या, घरातलं रोजचं काहीतरी राहू दे, कपाट, देव्हारा, इस्त्रीचं टेबल. माझ्या सगळ्यात बऱ्या फोटोत समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आमच्या फ्रीजवर पडलीये. ऑफव्हाइट डिस्टेंपर उत्तम, भिंत जर पोपटी नाहीतर गुलाबी असेल तर साधी पांढरी चादर टांगा.

रस्त्यावरची माणसं आणि रिक्षा फोटोतून गायब होतात, तेवढ्या वेळात त्या एका जागी थांबतच नाहीत. उभी असलेली रिक्षा मात्र येते. म्हणजे स्टँडवर भाडं नाकारत उभी असलेली हमखास.

फोटो मोबाईलमध्ये फिरवून सरळ करायचा मोह होतो. मोरेलनं स्वतः बरीच वर्षं उलटंच ठेवलं, नंतर प्रिझम वापरून सरळ केलं, रंगीतकडे वळला, आणि पुढे तर एक तंबूच कॅमेरा केला, त्यात वरून पेरिस्कोपसारखी रचना, बाहेरचा डोंगर थेट खालच्या मातीवर नाहीतर गवतावर पडतो आणि त्याचा तो फोटो काढतो. माझं मत विचाराल तर पहिले काही दिवस उलटंच ठेवा. सरळ झालं की डोळा लगेच 'बिल्डिंग, झाड, रस्ता' अशी नावं देऊन मोकळा होतो, उलटं असलं की आधी रंग आणि आकार दिसतात आणि मग कळतं हे काय आहे ते.

चित्र अजून उजळ आणि शार्प हवं असेल तर एक जुगाड आहे, चष्म्याचं भिंग. चष्म्याच्या दुकानात जाऊन प्लस ०.५० नंबरचं न कापलेलं गोल भिंग मागा. दुकानदार विचारेल कोणासाठी, सांगा खिडकीसाठी. प्लस नंबरनं १ ला भागलं की चित्र किती मीटरवर शार्प पडेल ते येतं, म्हणजे ०.५० ला २ मीटर, ०.२५ ला ४ मीटर, १.०० ला १ मीटर. भिंत ३ मीटरवर असेल तर ०.५० चं भिंग लावून २ मीटरवर दोरीला चादर बांधा आणि पुढेमागे सरकवून बघा, एका जागी अचानक खिडकीच्या ग्रिलचे गज मोजता येतील. भिंगावर मध्ये ३ सेंटीमीटरचं भोक असलेलं कार्ड लावा, पूर्ण उघडं भिंग कडेला धुरकट करतं. उजेड साध्या भोकापेक्षा नऊपट येतो कारण भोकच तिप्पट रुंद झालं. फक्त सूर्य समोर यायच्या आधी भिंगावर झाकण टाका, भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, आणि मोठ्या नंबरचं भिंग उन्हात उघडं सोडायचं नाही, शाळेत आपण कागद जाळायचो तो प्रकार होतो.

एका डोळ्याचं भांडण

खोलीचा प्रयोग जमणार नसेल, म्हणजे एकत्र कुटुंब, खोली मोकळी मिळत नाही वगैरे, तर हे करा. डेव्हिड हॉकनी हा मुळात चित्रकार, त्याला फोटोचा राग होता, कारण फोटो एका जागेवरून एका डोळ्यानं एका क्षणात बघतो आणि माणूस तसं बघतच नाही, माणसाची नजर फिरते, थांबते, मागे येते. १९८२ मध्ये त्यानं पोलरॉइड कॅमेऱ्यानं, म्हणजे फोटो लगेच छापून देणाऱ्या कॅमेऱ्यानं, एकाच दृश्याचे तुकड्या-तुकड्यांत फोटो काढले आणि जाळीसारखे शेजारीशेजारी लावले. नंतर पोलरॉइडची पांढरी चौकट त्याला नडायला लागली म्हणून लॅबमधले साधे प्रिंट घेऊन एकावर एक चढवायला लागला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे पेअरब्लॉसम हायवे, कॅलिफोर्नियातला एक रस्ता, एप्रिल १९८६, सातशेच्या वर फोटो. ते चित्र लांबून रस्त्याचा साधा फोटो वाटतं, पण रस्त्याकडेच्या पाट्यांपर्यंत तो शिडी लावून चढला होता आणि प्रत्येक पाटी समोरासमोर घेतली होती. म्हणून त्यात काहीच लांब वाटत नाही, सगळ्याच गोष्टींजवळ तुम्ही जाऊन आलाय असं वाटतं.

मी आईचं भाकरी करणं घेतलं. एकतर ती हलत असते पण जागा सोडत नाही, आणि दुसरं म्हणजे त्या कामात हात, पीठ, परात, तवा, जाळ अशा पाच-सहा जागांवर आपली नजर खरंच फिरत असते. मोबाईलवर एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि फोकस लॉक करा, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की होतं, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाचा येतो. वाइड लेन्स वापरू नका, एक किंवा दोन एक्सवर ठेवा. पॅनोरमा तर अजिबात नको, तो सगळे सांधे स्वतःच पुसून टाकतो आणि आपल्याला सांधेच तर दाखवायचेत. शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा सामाईक येऊ द्या. पायांची जागा बदला, परातीसाठी वाका, तव्यासाठी जवळ जा. भाकरी थापतानाचे हात सात-आठ वेळा घ्या, वेगवेगळ्या वेळी, मग एकाच चित्रात भाकरी पिठाचा गोळा पण असते, परातीतली चकती पण, आणि तव्यावर फुगलेली पण. चाळीस ते साठ फोटो पुरतात, वीस मिनिटांत होतात.

मग लॅबमध्ये ४ बाय ६ चे प्रिंट. स्क्रीनवर जुळवता येतं, अ‍ॅप आहेत, पण माझ्या मते मजा निम्मी होते. जमिनीवर मोठा कार्डशीट अंथरा, जिथं नजर सगळ्यात आधी गेली होती त्या फोटोपासून सुरुवात करा आणि बाहेर बाहेर जात राहा. कडा कापू नका. जुळत नसेल तिथं जुळवू नका, मनगट दोनदा आलं तर येऊ दे. कडेला पायरी-पायरी होईल, चौकोन पूर्ण करायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि फेविकॉल लावायच्या आधी पंखा बंद करा. मी दीड तास जुळवलेलं चित्र भाच्यानं येऊन पंखा पाचवर टाकला तेव्हा चार सेकंदांत सोफ्याखाली गेलं. दुसऱ्यांदा लावलं ते वेगळंच लागलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा बरं.

कॅन टांगून विसरून जायचं

वेळेशी खेळणारे लोक वेगळेच. जपानचा हिरोशी सुगिमोतो जुन्या थिएटरमध्ये कॅमेरा लावायचा, पिक्चर सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की बंद, अख्खा पिक्चर एका फोटोत, आणि येतं काय तर पांढराशुभ्र चमकणारा पडदा आणि त्याच्या उजेडात रिकाम्या खुर्च्या. जर्मनीच्या मिखाएल वेझेलीनं न्यूयॉर्कचं मोमा हे आधुनिक कलेचं म्युझियम नव्यानं बांधत होते तेव्हा २००१ ते २००४ मध्ये एकेका फोटोसाठी शटर ३४ महिन्यांपर्यंत उघडं ठेवलं, क्रेन येऊन गेल्या, मजले चढले, सगळं एकावर एक भुतासारखं. आणि इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर युनिव्हर्सिटीच्या वेधशाळेवर रेजिना वाल्केनबर्ग या विद्यार्थिनीनं २०१२ मध्ये बारीक भोक पाडून आत फोटो पेपर लावलेला एक बिअरचा कॅन लावला आणि विसरून गेली, तो २०२० मध्ये काढला तेव्हा आतल्या पेपरवर आठ वर्षांच्या सूर्याच्या आभाळातल्या वाटेच्या २९५३ रेघा होत्या.

हा कॅन आपण करू शकतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर लागतो, रंगीत नको, इंकजेटचा तर नकोच, डार्करूममध्ये प्रिंट करायला वापरतात तो. कॅनचं वरचं झाकण कापा, हाताला हातमोजे घाला, धार भयंकर असते. उंचीच्या मध्यावर शिवणकामाच्या बारीक सुईचं नुसतं टोक टोचून भोक पाडा, ०.३ मिलिमीटरच्या आसपास, आत आलेली खरखरीत कड पॉलिश पेपरनं घासा. मंद उजेडात, म्हणजे रात्री बाथरूममध्ये बाहेरच्या पॅसेजचा दिवा चालू ठेवून वगैरे, पेपर आतून गोल चिकटवा, चकचकीत बाजू भोकाकडे, आणि भोकासमोर पेपरची फट येऊ दे, पेपरनं भोकच झाकलं जाणार नाही हे बघा. हे एवढं लिहितोय म्हणजे कोणीतरी ते केलं असणार, हो, मीच, चार महिने कोरा कागद टांगून ठेवला होता. वरून दुसऱ्या कॅनचं बूड टोपीसारखं बसवा आणि इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळा.

दिशेचं जरा ऐका कारण इंटरनेटवर सगळे दक्षिणेला लावा म्हणतात आणि ते त्यांच्या थंड देशांसाठी बरोबर आहे, तिकडे सूर्य कायम दक्षिणेला तिरपा असतो. आपल्याकडे मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर, आणि त्यानंतर तर तो उत्तरेला जातो. दक्षिणेला लावलेल्या कॅनमध्ये उन्हाळ्याच्या रेघा वरून निसटतात. पूर्वेला किंवा पश्चिमेला लावा, मग रेघा तिरप्या पंख्यासारख्या पसरतात आणि उत्तरायण त्यात स्पष्ट सरकताना दिसतं. दिवाळी झाली की टांगा आणि मेअखेर, पहिल्या वळवाच्या आधी काढा. ग्रिलला केबल टायनं घट्ट, जरा हललं की रेघा दुहेरी. आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'फोटोग्राफीचा प्रयोग, हात लावू नये' लिहा, काळी टेप गुंडाळलेला डबा सोसायटीच्या गच्चीवर बघून वॉचमननं काय समजावं.

काढल्यावर पेपर धुवायचा नाही, डेव्हलपर वगैरे केमिकल नाही, काही नाही. त्यावर आधीच जांभळट-तपकिरी निगेटिव्ह, म्हणजे उजेड-काळोख उलटे असलेलं चित्र, उमटलेलं असतं. एकदाच स्कॅन करायचं, कारण स्कॅनरचा उजेडही त्याला काळवंडवतो, मग कॉम्प्युटरवर रंग उलटे करायचे. पेपर नंतर जाड वहीत अंधारात ठेवायचा, दुसऱ्यांदा काढून कोणाला दाखवायचा नाही.

बाकीचं थोडक्यात

नसरीन मोहमदीचे फोटो बघा, जमलं तर. ती रेघांच्या चित्रांसाठी ओळखली जाते, बडोद्याला शिकवायची, १९९० मध्ये वारली. फोटो ती कितीतरी वर्षं काढत होती पण हयातीत ते प्रदर्शनात लावलेच नाहीत. त्यात 'कशाचा फोटो' हे सांगता येत नाही, रस्त्यावरचे पट्टे, समुद्रानं ओल्या वाळूवर सोडलेली कड, मागावरचे धागे, सावली. करून बघायचं असेल तर एक दिवस असा ठेवा की ज्याला नाव देता येईल अशा गोष्टीचा फोटो काढायचा नाही. फार अवघड जातं, संध्याकाळपर्यंत माझ्याकडे अकरा फोटो होते आणि त्यातला एक चुकून खिशातनं निघालेला, तोच बरा. अमेरिकेतली उटा बार्थ पण या जातीची, ती नव्वदच्या दशकात पुढं कोणीच नसलेल्या जागेवर फोकस करून मागचं धूसर तेवढं दाखवायची, आणि नंतर तर घरातल्या पडद्यावरची उजेडाची रेघ दिवसभर कशी सरकते तेच काढत बसली. म्हणजे पुन्हा कवडसाच.

माणसांचे फोटो काढत असाल तर मात्र जव्हारचं काम नक्की बघा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार भागात बोहाड्याला, म्हणजे सोंगांच्या उत्सवाला, कागदाच्या लगद्याचे देवादिकांचे मुखवटे करतात, तिथल्या कोकणा आणि वारली समाजातल्या कारागिरांबरोबर फोटोग्राफर गौरी गिल २०१५ पासून काम करतेय. तिनं त्यांना देवांचे नाही तर रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले, आणि मग ते घालून माणसं दुकानात, दवाखान्यात, घराच्या ओट्यावर बसलीत, एकाचं तोंड म्हणजे टीव्ही, कोणाचं जनावर. फोटो तिनं काढले पण चेहरा कसा दिसावा हे कॅमेऱ्यासमोरच्यांनी ठरवलं. ते मुखवटे आणून घालून रील करायची आयडिया कोणाला येत असेल तर प्लीज नको. त्यापेक्षा पुढच्या वेळी आजीचा फोटो काढताना विचारा की कुठं बसू, काय हातात घेऊ, कोणता फोटो ठेवू, हे तूच सांग. आमच्या आजीनं लुगडं बदललं, गॅसची शेगडी फ्रेमबाहेर काढायला लावली आणि हातात बँकेचं पासबुक घेतलं. का ते सांगितलं नाही.

आणि सगळे प्रयोग एकदम करू नका. खोलीवाला करायचा असेल तर आधी मल्चिंग पेपरचं बघा, दिवाळीनंतर ऊन स्वच्छ असतं. कॅन त्याच आठवड्यात टांगून टाका, त्याला तसंही तुमची गरज नाहीये. आमचा सध्याचा पूर्वेच्या ग्रिलवर आहे, एका कबुतरानं त्यावर बसायला सुरुवात केलीये, म्हणजे मे महिन्यात रेघा दुहेरी निघणार बहुतेक.